धाकट्याचं पथ्य

डॉक्टरांनी धाकट्याच्या पोटावर डावा तळहात ठेवला आणि आत कुणी आहे की नाही हे बघायला दार ठोठावावं, तसं उजव्या हाताच्या बोटांनी त्यावर वाजवून पाहिलं.

"इथं दुखतं?"

"तिथं नाही, जरा वर," शेजारी खुर्चीवर बसलेला थोरला भाऊ म्हणाला. "जेवण झालं की लगेच सुरू होतं. मग करपट ढेकर. मग बराच वेळ आडवा पडून राहतो."

डॉक्टरांनी थोरल्याकडे पाहिलं, मग परत धाकट्याकडे. धाकटा छताकडे बघत निमूट पडला होता. दोघा भावांचा कुलपांचा कारखाना होता. थोरला माल आणि गिऱ्हाईक बघायचा, धाकटा किल्ल्या कानशीने घासायचा, कुलपं जुळवायचा. बोलण्याचं खातं पहिल्यापासून थोरल्याकडे होतं. त्यामुळे पोट जरी धाकट्याचं दुखत असलं, तरी कुठे आणि कसं दुखतं ते थोरलाच जास्त नेमकं सांगायचा.

"जीभ दाखवा. आणखी बाहेर. हं." डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "घरी स्वयंपाक कोण करतं?"

प्रश्न साधाच होता, पण तिघेही एकदम दाराशी उभ्या असलेल्या धाकट्याच्या बायकोकडे, धाकटीकडे, बघायला लागले. तिने हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मी."

"तेल, तिखट, आंबट?"

"सगळ्यांना लागतं तेवढं."

"सगळ्यांचं नाही विचारत मी, बाई. यांचं विचारतोय."

बाकी घर तेच जेवून ठणठणीत आहे, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण लग्न होऊन आल्यावर वर्षभरातच नवऱ्याचं पोट बिघडलं, आणि तेव्हापासून 'हिच्या हाताला पित्त आहे' हे घरात ठरून गेलं होतं. आधी सासू म्हणायची. सासू गेल्यावर थोरली जाऊ म्हणायला लागली. जाऊ काही दुष्ट नव्हती. आज उकडतंय म्हणावं तितक्या सहजपणे ती हे म्हणायची, आणि म्हणूनच त्यावर भांडताही यायचं नाही.

डॉक्टरांनी इलाज सांगितला. हवापालट, तीही लांबची. टपालगाडीने जायचं, कारण गाडीच्या हिंदकळण्याने झोपलेलं यकृत जागं होतं. मात्र बसायचं घोड्यांकडे तोंड करून, पाठ करून बसलं तर पित्त उलटं चढतं. डोंगरातल्या झऱ्यावर उतरायचं, अनशापोटी कोमट पाणी घोट घोट प्यायचं. पोटाला फ्लॅनेलचा पट्टा बांधायचा आणि तो अंघोळीपुरताच सोडायचा. जेवायला जवाची पेज, भाजलेला शिळा पाव, उकडलेली भाजी. कांदा, लसूण, मिरी आणि तळलेलं काहीही वर्ज्य.

"अगदी वाससुद्धा नको," डॉक्टर म्हणाले ते धाकटीकडे बघून.

थोरल्याने सगळी तयारी स्वतः केली. जव निवडून पिशव्यांत भरले. पट्टे एकाऐवजी तीन शिवून घेतले, एक ओला झाला तर पंचाईत नको म्हणून. गाडी सुटताना तो खिडकीशी येऊन धाकटीला म्हणाला, "आता सगळं तुझ्या हातात आहे बरं."

ते तिला माहीत होतं.

झऱ्याच्या गावात पोटाशिवाय दुसरा विषय नव्हता. सकाळी पेले घेऊन माणसं रांगेत उभी राहत आणि एकमेकांचं नाव विचारायच्या आधी पोट विचारत. रांगेच्या शेवटी एक डॉक्टर स्टुलावर बसलेले असत. ते प्रत्येकाची जीभ बघून मान हलवत, कुणाला उभी, कुणाला आडवी. धाकट्याला पहिल्या दिवशी आडवी मान मिळाली. पुढच्या आठवड्यात उभी मिळाली.

कारण त्याचं पोट दुखायचं थांबलं होतं. पेज पिऊन तो खिडकीशी बसायचा आणि चक्क शीळ घालायचा. गाल भरायला लागले. नवऱ्याला शीळ घालता येते हे धाकटीला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळत होतं. तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच दुसरा विचार तिला पोखरायला लागला. पेजेने हा बरा झाला, म्हणजे इतकी वर्षं आपणच याला आजारी पाडत होतो. आता घरी जाऊन जन्मभर पेज रांधायची आणि जन्मभर ऐकून घ्यायचं. नवरा बरा होतोय म्हणून रडू येणारी बायको आपणच, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून कांदे आणले.

चुलीपाशी ती बराच वेळ सुरी हातात धरून बसली. मग चिरला एक, तेलात लाल होईपर्यंत परतला, वर मिरी कुटून घातली आणि भाजीत ढवळून ती भाजी त्याच्यापुढे ठेवली. त्याने पहिला घास घेतला आणि थांबला.

"कांदा चालतो का मला?"

"इथल्या डॉक्टरांनी सांगितलंय. हळूहळू सुरू करा म्हणाले."

ती खोटं बोलली आणि समोर बसून राहिली. त्याने भाजी संपवली, आणखी मागून घेतली. दुपारभर ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याच्या कपाळाला जराशी आठी पडली की ती उठून पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ सरकवायची. चार वाजता तो उठला, पट्टा सारखा केला आणि म्हणाला, "चल, ओढ्यापर्यंत फिरून येऊ."

मग लसूण झाला. मग तळलेलं झालं. घरी रांधायची ते सगळं तिने इथे रांधलं, तेवढंच तेल घालून, तेवढंच तिखट घालून. धाकटा खात होता, शीळ घालत होता, आणि स्टुलावरचे डॉक्टर उभी मान हलवत होते. तिला आता रात्री शांत झोप लागायची. परत गेल्यावर हे कुणाला आणि कुठल्या शब्दांत सांगायचं, एवढाच विचार उरला होता.

एके दिवशी ऐन जेवणाच्या वेळी टपालगाडीचा गाडीवान वर आला. थोरल्याने जवाची आणखी एक पिशवी पाठवली होती आणि फडक्यात गुंडाळलेलं एक कुलूप.

"परत आलंय म्हणाले," गाडीवानाने निरोप सांगितला. "घाई काही नाही, सवड झाली की बघायला सांगितलंय."

त्यांच्या घरची ही जुनी रीत होती. गिऱ्हाइकाने परत आणलेलं कुलूप जेवणाच्या टेबलावर ठेवायचं, ज्याने जुळवलं त्याच्या ताटाशेजारी. रीत सासऱ्यांनी पाडली. जेवताना दाखवलेली चूक अन्नाबरोबर पोटात उतरते आणि माणूस ती पुन्हा करत नाही, असं ते म्हणायचे. धाकटीचं लग्न झालं त्याच वर्षी ते गेले आणि थोरल्याने ती चालू ठेवली. तो कधी आवाज चढवायचा नाही. घास चावता चावता शांतपणे विचारायचा, "याचा खटका का बरं अडकला असेल?" आणि उत्तर येईपर्यंत वाट बघायचा. परत आलेलं कुलूप नाही असा दिवस क्वचितच असायचा. ते टेबलावर मिठाच्या वाटीइतकं नेहमीचं झालं होतं, म्हणून आजवर कुणाच्या नजरेत भरलं नव्हतं.

त्या दिवशी बाजार बंद होता आणि घरातलं तेलही संपलं होतं. धाकटीने डॉक्टरांच्या शब्दाबरहुकूम नुसती पेज केली होती. धाकट्याने फडकं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं तरी कुलूप ताटाच्या उजव्या बाजूला ठेवलं. दोन चमचे पेज घेतली, किल्ली फिरवली, परत एक चमचा घेतला, परत किल्ली फिरवली. पेज अर्धी राहिली. थोड्या वेळाने तो गुडघे पोटाशी घेऊन पलंगावर पडला होता.

"आजची पेज जड पडली बहुतेक," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

धाकटी भांडी घासत होती. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"काल तळलेलं पचलं. परवा लसूण पचला. आणि आज जवाची पेज जड पडली तुम्हाला?"

"डॉक्टरांनी सांगितलेलं बेताने..."

"कुठल्याही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. माझ्या मनाने घालत होते मी. आपल्या घरचंच जेवताय तुम्ही इथे, इतके दिवस."

तो सावकाश कुशीवर वळला. तिच्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. ताट तिने उचललं होतं. टेबलावर नुसतं कुलूप राहिलं होतं. तो पोट धरून उठला, ते उचलून ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवलं आणि झाकण लावून त्यावरच बसला.

"दादा रागावत नाही गं कधी," तो म्हणाला. "रागावला असता तर बरं झालं असतं."

तिने ओले हात पदराला पुसले.

"त्याला सांगू नकोस हे. त्याला वाटेल, त्यानेच मला आजारी पाडलं."

"आणि मीच तुम्हाला आजारी पाडलं असं मला इतकी वर्षं वाटत होतं, त्याचं काय?"

खटका का अडकला विचारल्यावर व्हायचा तसाच धाकट्याचा चेहरा झाला होता. मग तिनेच विषय सोडला. पण सांगायचं हे तिने मनाशी पक्कं केलं. परतीच्या गाडीत ती वाक्य जुळवत राहिली. 'दादा, दोष स्वयंपाकाचा नव्हता.' एवढं म्हटलं की पुरे, पुढचं आपोआप निघेल.

गाडीच्या थांब्यावर थोरला केव्हाचा येऊन उभा होता. त्याने धाकट्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "रंग आला रे," म्हणाला, आणि त्याच्या हातातली ट्रंक स्वतः घेतली. तो स्वतः मात्र वाळला होता. गळ्याशी सदरा सैल झाला होता.

"यांना काय झालं?" धाकटीने जावेला हळूच विचारलं.

"पेज," जाऊ म्हणाली. "तुम्ही गेलात त्या दिवसापासून पेजेशिवाय काही घेतलेलं नाही. तो बिचारा तिकडे एकटा पथ्य करतोय, मी इथे तळलेलं कसं खाऊ, म्हणतात. सांगून सांगून थकले मी."

धाकटी जुळवून ठेवलेलं वाक्य न बोलता पिशव्या उचलायला लागली.

दुपारी सगळे जेवायला बसले. थोरल्याने आपल्या पुढ्यात पेजेचा वाडगा घेतला होता. धाकट्याच्या ताटाशेजारी फडक्यावर एक कुलूप ठेवलेलं होतं.

"तिकडे पाठवलं ते सोडलं, तर तू गेल्यापासून एवढं एकच परत आलंय," थोरला प्रेमाने म्हणाला. "घाई नाही. आधी जेव."

धाकट्याने चमचा उचलला. डावा हात टेबलाखाली गेला आणि पोटावर पट्ट्याच्या जागी टेकला. धाकटीला तो दिसला. तिने थोरल्याकडे बघितलं, त्याच्या सैल झालेल्या गळपट्टीकडे बघितलं, आणि पुढे होऊन नवऱ्याचं ताट उचललं.

"अगं, काय झालं?" थोरल्याने विचारलं.

"झऱ्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, दादा. दोष स्वयंपाकाचा होता." तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते सहज बोलता आलं. "यांचं वेगळं रांधायचं, आणि इथून पुढे स्वयंपाकघरातच वाढायचं. मी समोर बसून बघायचं, काय खातात, किती खातात. इथे बसले की सगळ्यांचं बघून खाणं होतं. आणि तुम्ही आता पेज सोडा. तुमचं पोट चांगलं आहे."

थोरल्याने मान डोलावली. "डॉक्टर म्हणाले असतील तर तसंच करायचं. प्रश्नच नाही."

"मी म्हणतच होते," जाऊ म्हणाली. रागाने नाही, नेहमीसारखंच. "आता तरी जरा हात आखडून घालत जा गं."

"हो," धाकटी म्हणाली.

स्वयंपाकघरात तिने पाटाएवढ्या छोट्या टेबलावर ताट ठेवलं. धाकटा मागून आला आणि बसला. बाहेर जाऊ अजून बोलत होती, हाताचं, मसाल्याचं, सासूबाई कशा पहिल्यापासून म्हणायच्या त्याचं. शब्द न् शब्द आत ऐकू येत होता. धाकटीचे कान तापले. राग तिला जावेचा नव्हताच. आपल्या तोंडाने आपण हे कबूल करून आलो आणि आता ते कधीच पुसलं जाणार नाही, याचा होता.

धाकट्याने चमचा खाली ठेवला आणि तो उठला. दाराकडे निघाला. तिला वाटलं, आता हा बाहेर जाईल आणि सांगेल. ती चुलीपाशीच उभी राहिली.

त्याने दार आतून लोटून घेतलं, कडी घातली आणि परत येऊन बसला. जावेचा आवाज ऐकू येईनासा झाला.

"तूही वाढून घे," तो ताटाकडे बघत म्हणाला.

तिने फळीवरून आपलं ताट काढलं.