जिन्यातलं पित्त

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा, तुमच्या छातीवर कुणीतरी जाडजूड पुस्तकांचा गठ्ठा ठेवलाय. टोचत नाही, नुसता दाब.

मी पुस्तकं बांधतो. माझं दुकान तळमजल्यावर आणि घर दुसऱ्या मजल्यावर. महिनाभर जिना चढताना मला अगदी असंच होत होतं. दाब डाव्या हातात, कधी जबड्यात पसरायचा. थांबलो की पाच मिनिटांत ओसरायचा. "पित्त झालंय," असं मी सगळ्यांना ठोकून देत होतो.

एका सकाळी नात सोबत होती. मी कठड्याला टेकलो.

"आजोबा, आज काय खाल्लंत?"

"अजून काहीच नाही गं."

"मग पित्त कसलं? आणि ते जिन्यातच बरं येतं! थांबलात की पळून जातं."

"अगं शहाणे, तू डॉक्टर कधी झालीस?"

"नाही झाले, म्हणून तर खऱ्या डॉक्टरांना विचारू या."

पुढे डॉक्टरांनी तेच सांगितलं, हे पित्त नव्हे. हृदयाला रक्त कमी पडत होतं. ते म्हणाले, "वेळेवर आलात. यापुढे थांबूनही दाब ओसरला नाही, तर एक मिनिटही वाट पाहू नका, रुग्णवाहिका बोलवा." आज मी हे लिहायला आहे, ते त्या पोरीमुळे.

पण त्या सकाळी मी तिलाच दटावलं, "आईला सांगू नकोस हं, उगाच घाबरेल."

तिनं मला हाताला धरून पायरीवर बसवलं आणि सगळ्या जिन्यात घुमेल अशी हाक मारली, "आई, लवकर ये!"