कोल्ह्याचा रोग

साखरखेर्ड्याच्या उकंडरावांची डावी मिशी पंधरा दिवसांत अशी झडली, की जणू भाड्यानं आणली होती. उजवी मात्र पीळ मारून जागच्या जागी! महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती, आणि येत्या गुरुवारी लेक विमलला आपल्या पोरासाठी पाहायला हिवऱ्याचे वामनराव येणार होते. असं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी मिळालं नसतं.

"उरलेली काढून टाका," बायको गोजरबाई म्हणाली.

"अवं, बाप जित्ता हाये माहा! लोक म्हनतीन म्हातारा गेला."

तेही खरंच. बाप असेपर्यंत मिशीला वस्तरा लावायचा नाही, ही रीत. शेवटी तोंडाला उपरणं गुंडाळून उकंडराव मलकापूरच्या डॉक्टरकडे गेले.

"अलोपेशिया," डॉक्टर म्हणाले. "ग्रीक शब्द आहे. अलोपेक्स म्हणजे कोल्हा. खरजेनं कोल्ह्याचे केस झडतात, त्यावरून नाव पडलं. येतील केस, सहा महिने धरा."

सहा महिने! आणि रोग तरी वाघाचा असावा की नाही? कोल्ह्याचा! एसटीत उकंडरावांना रडूच आलं.

घरी म्हाताऱ्या तुळशीरामबुवांनी सगळं ऐकलं. "काढ बे मिशी. नातीचं जमत असन तं मी घंटाभर मेलो म्हनून काय बिघडते?"

गुरुवारी वामनराव उंबऱ्यात आले, उकंडरावांचा गुळगुळीत ओठ पाहिला आणि डोळ्यांना उपरणं लावलं. "कवा गेले बुवा? दुखवट्यात सोयरीक कशी करा? आता वर्षभर थांबा लागते." ते उंबऱ्यातूनच माघारी वळले.

हे काही कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तेवढ्यात आतून काठी आपटत म्हातारा आला. "जित्ता हाओ मी, पाव्हणे! च्या तं पिऊन जा."

वामनराव दचकून दोन पावलं सरकले. "मंग मिशी काऊन काढली?"

आता लपवून काय उपयोग? उकंडरावांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. ग्रीक लोक याला कोल्ह्याचा रोग म्हणतात, हेसुद्धा.

वामनरावांनी बाहेर कोणी नाही ना, ते पाहिलं. हळूच फेटा उतरवला. डोक्यावर चार गोल टकलं पडली होती.

"आमच्या गावात लोक याले पाप फळलं म्हनतात," ते म्हणाले. "कोल्हा लय बरा, व्याही."