माधवीसाठी आलं कुटणारा खलबत्ता

मित्रांनो, मी ताडकळसच्या एका घरातला जुना पितळी खलबत्ता आहे. कमलबाईंच्या लग्नात मी रुखवतात मिरवलो. पुढं वेलदोडे, मिरे, सुंठ, जे पडेल ते कुटून दिलं. मग मिक्सर आला आणि माझी रवानगी फळीवर झाली. तिथं मी धूळ खात बसलो.

कमलबाईंची लेक माधवी आजारी पडली. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच तिच्या शरीरावर उलटल्या होत्या. दवाखान्याच्या गोळ्यांनी दुखणं आवरलं, पण तोंड सुजलं. त्यात पाहुणे बघायला येणार होते.

शेजारचे विवेक गुरुजी पेपर वाचता वाचता म्हणाले, "आल्यातल्या एका घटकानं असल्या चवताळलेल्या पेशी शांत व्हायल्यात म्हणं. पण हे सगळं प्रयोगशाळेतलं हाय, वहिनी. गोळ्या सोडू नका."

कमलबाईंनी पहिलं वाक्य तेवढं उचललं. मला चिंचेनं घासून लख्ख केलं आणि रोज सकाळी ठणठण सुरू झाली. मी तर हरखून गेलो.

"आई, गोळ्या सोडल्यानं काई व्हईल का गं?" माधवीनं विचारलं.

"काई न्हाई व्हत. रस पी गुमान."

गोळ्या सुटल्या तशी तोंडाची सूज हळूहळू उतरली. सगळ्यांना वाटलं, आल्याचाच गुण! गल्लीत माझं कोण कौतुक झालं. शेजारणी मला मागून नेऊ लागल्या. पाहुण्यांनीही पसंती कळवली.

साखरपुड्याच्या आधीच माधवीचे पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सोडल्यानं दुखणं मूत्रपिंडांवर गेलं, ती निकामी झाली. सोयरीक मोडली. आता तिला सारखं परभणीला नेतात, यंत्रावर रक्त शुद्ध करून आणतात. बरी होण्याचं कुणी बोलत नाही.

तरी कमलबाई आलं कुटतातच.

"आई, राहू दे की आता. मला पाणी बी मोजूनच हाय," माधवी म्हणते.

कमलबाई थांबत नाहीत. हात रिकामा राहिला की त्यांना रडू फुटतं. तो रस मग मोरीत ओततात.

मित्रांनो, माझ्यात आलं खुशाल कुटा, चहात घाला. पण डॉक्टरांच्या गोळीच्या जागी मला बसवू नका. हे मला त्या घरात ओरडून सांगायचं होतं, पण पितळेला कुठली वाचा! माधवीला आता सांगून काही उपयोग नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.