भुताचे ओठ

मृतात्मे कधी खोटं बोलत नाहीत, असं महाराजांनी थिएटरच्या स्टेजवरून सांगितलं आणि खच्चून भरलेल्या हॉलने मान डोलावली. सिनेमा मुका आहे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पहिल्या आठवड्यात लोक पोट धरून हसले होते. भुताटकीच्या घरातला जाडा भाडेकरू जिन्यावरून गडगडत येतो, मागून काचेसारखी आरपार दिसणारी बाई उतरते. मग महाराज आले, ही बाई खरीच मेलेली आहे म्हणाले, आणि हसणं बंद झालं.

सिनेमा काढला होता तो गावातल्या दोघी बहिणींपैकी धाकटीच्या घरात. धाकटी नुकतीच विधवा झालेली. आज ती स्टेजवर घराचं दानपत्र घेऊन उभी होती. पहिल्या रांगेत तिची थोरली बहीण, शिवणकाम करणारी ताई. ताईला आधी थोडं कमी ऐकू यायचं. वीस वर्षांपूर्वी याच महाराजांनी मंतरलेलं गरम तेल कानांत ओतलं, तेव्हापासून काहीच ऐकू येईना. ती ओठ वाचायला शिकली. महाराजांचं तोंड मात्र विसरली नाही.

पडद्यावरच्या बाईचे ओठ हलले.

"ऐका," महाराज डोळे मिटून म्हणाले, "ती म्हणतेय, घर महाराजांच्या स्वाधीन करा."

"थांब गं, सही करू नकोस," ताई म्हणाली. आपला आवाज केवढा मोठा होतो, हे तिला कळत नसे. "ती म्हणतेय, नाकात पीठ गेलंय हो, आता उतरू का?"

"बहिरीला काय ऐकू येणार?"

"तुमच्याच कृपेनं नाही येत. म्हणून तर वाचते."

महाराज शिष्याच्या कानाशी कुजबुजले.

"आता म्हणाले, मागच्या दाराशी गाडी लाव," ताईने सगळ्यांना सांगितलं. शिष्य एव्हाना निम्मा दाराबाहेर होता.

सिनेमाचं मशीन चालवणारा वरच्या खोलीतून खाली आला. सिनेमा काढताना कॅमेऱ्याचा दांडाही त्यानेच फिरवला होता. "एकच फिल्म कॅमेऱ्यातून दोनदा फिरवली. आधी रिकामा जिना. मग फिल्म मागे गुंडाळून, स्टुडिओत काळ्या कापडापुढे पीठ फासलेली बाई. चित्रावर चित्र बसलं, म्हणून आरपार."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?" गर्दीतून आवाज आला.

"कुणी विचारलंच नाही."

"विचारत जा रे बाबांनो," ताई म्हणाली. "दिसलं ते झालं कसं, एवढं तरी. त्याला कान लागत नाहीत."

धाकटीने दानपत्र टराटरा फाडलं. पळू पाहणाऱ्या महाराजांना लोकांनी मागच्या दारातून ओढत आणून ताईसमोर उभं केलं. ते हात जोडून बराच वेळ माफी मागत होते. ताई खाली मान घालून सुईत दोरा ओवत होती.

ओठांकडे पाहिलं नाही, तर तिला काहीच कळत नसे.