न वाचलेल्या चिठ्ठ्यांची पेटी

मी पेटी बोलतेय. पेटी म्हटलं की लोकांना दोनच आठवतात, एक भजनात वाजते ती आणि एक माणसाला शेवटी लागते ती. मी त्यातली कुठलीच नाही. वाघोलीच्या एका साध्या चर्चमध्ये, दारापाशी, पवित्र पाण्याच्या भांड्याशेजारी टांगलेली मी चिठ्ठ्यांची पेटी. टांगलेली होते, असं म्हणायला हवं. आता मी वेदीमागच्या अडगळीच्या खोलीत आहे. एका बाजूला नाताळचा मोडका गोठा, दुसऱ्या बाजूला विझलेल्या मेणबत्त्यांचा डबा.

माझा जन्म एका बाकापासून झाला. चर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि जुने बाक मोडीत निघाले. त्यातल्या एकाची पाठ सुताराने कापली, वर चिठ्ठी जाईल एवढी फट ठेवली, खाली छोटं दार केलं आणि दाराला पितळी कुलूप घातलं. माझ्या मागच्या फळीला एक चीर होती. कोणीतरी ती दाखवली तर सुतार म्हणाला, "राहू द्या की. पेटीत काय पाणी भरायचंय?" झालं, चीर राहिली. त्या चिरीमुळेच आज माझ्याकडे सांगण्यासारखं काही आहे.

दर बुधवारी नोव्हेना व्हायची. लोक मरियामातेपुढे प्रार्थना करायचे आणि जाता जाता आपलं मागणं चिठ्ठीवर लिहून माझ्यात टाकायचे. मुलीचं लग्न जमू दे, जावयाची दारू सुटू दे, पोराला कॅनडाचा व्हिसा मिळू दे. एका बाईंनी शेजारणीच्या कुत्र्याचा आवाज बंद होऊ दे असंही लिहिलं होतं. मला हसू यायचं, पण माणसाचं दुखणं कशात असेल ते सांगता येत नाही.

माझी किल्ली ज्ञानदेवांकडे असे. मूळचे राहुरीकडचे. चर्चची घंटा, झाडलोट, मेणबत्त्या, वेदीवरचे कपडे, सगळं तेच बघायचे. आठ सप्टेंबरला मरियामातेच्या जन्माचा सण असतो. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की ज्ञानदेव वर्षभराच्या चिठ्ठ्या काढायचे आणि अंगणात लोखंडी घमेल्यात जाळायचे. एकही न वाचता. तशी रीतच होती. माणसाचं मागणं त्याच्यात आणि देवात राहावं, तिसऱ्याने त्यात डोकावू नये. ज्ञानदेवांना या गोष्टीचा फार अभिमान. "अकरा वर्सं झाली, पण एक अक्षर न्हाई वाचलं," असं ते छातीला हात लावून सांगायचे. खरंच नव्हतं वाचलं.

मग तीन वर्षांपूर्वी फादर बेनेडिक्ट आले. वसईकडचे, शिकलेले, मनाने चांगले, पण जरा लगेच मनाला लावून घेणारे. आपलं प्रवचन चालू असताना लोक मोबाईल बघतात हे त्यांना लागलं. त्यांना वाटलं, लोकांना काय ऐकायचंय ते लोकांनाच विचारावं. नोव्हेनाच्या चिठ्ठ्यांसाठी त्यांनी काचेच्या दाराची नवी स्टीलची पेटी आणली आणि माझ्यावर छापील कागद डकवला : 'प्रवचनात कोणत्या विषयावर बोलावे असे आपणास वाटते? लिहून टाका. नाव लिहू नये.' रविवारी मिस्सात सगळ्यांना समजावूनही सांगितलं, की जुन्या पेटीतल्या चिठ्ठ्या यापुढे फादरांकडे येतील.

त्या रविवारी ज्ञानदेव भाचीच्या लग्नाला राहुरीला गेले होते.

परत आले तेव्हा त्यांना भिंतीवर दोन पेट्या दिसल्या. त्यांना वाटलं, लोक वाढले, मागणी वाढली, पेटीही वाढली. माझ्यावरच्या कागदावरून त्यांनी फडकं फिरवलं, पण तो वाचला नाही. आणि फादरांना वाटलं, किल्ली ज्ञानदेवांकडे आहे, तेव्हा चिठ्ठ्या तेच आणून देतील. एवढीशी गोष्ट. एका वाक्यात मिटली असती.

मी मात्र भरत होते. काय काय लिहिलं लोकांनी! एकीने लिहिलं, 'नवरा पहिल्या रांगेत बसतो आणि घरी हात उचलतो. त्याला ऐकू जाईल असं काही बोला.' एका बापाने लिहिलं, 'आपल्यातही सोयरीक जुळवताना आधी जात विचारतात. यावर वेदीवरून कोणी का बोलत नाही?' एकाला वीस वर्षांनी पापनिवेदनाला जायचं होतं, पण सुरुवात कशी करायची ते विसरला होता. एका म्हातारीला विचारायचं होतं, की मुलं परदेशात गेली की रिकाम्या घरात प्रार्थना मोठ्याने म्हणावी की मनात? आणि तात्यारावांनी, म्हणजे खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या आणि प्रवचन सुरू होताच घड्याळ काढून मांडीवर ठेवणाऱ्या गृहस्थांनी, लिहिलं होतं : 'विषय कोणताही चालेल. दहा मिनिटांत आटोपावे.'

आणि सरुबाईंनी लिहिलं.

सरुबाई ओहोळ एका कॉलेजच्या मुलींच्या मेसमध्ये स्वयंपाक करायच्या. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा तेजस डिप्लोमा होऊन कंपनीत लागला होता. तेविसाव्या वर्षी त्याने स्वतःचं आयुष्य स्वतःच संपवलं. सरुबाईंनी सगळ्यांना सांगितलं, पाय घसरून पडला. फादरांनाही तेच कळलं होतं. खरं फक्त त्यांना ठाऊक होतं, आणि चिठ्ठी लिहिली तेव्हापासून मला.

त्यांच्या लहानपणी गावाकडे धर्मशिक्षण देणारी एक आत्या होती. ती म्हणायची, जो आपल्या हाताने जातो त्याला देव दारात उभं करत नाही. आत्या कधीच गेली, तिचं वाक्य मात्र सरुबाईंच्या काळजात रुतून बसलं. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, चर्चमध्ये वही ठेवतात. लोक आपापल्या गेलेल्या माणसांची नावं लिहितात आणि फादर ती मिस्सात मोठ्याने वाचतात. सरुबाई नवऱ्याचं नाव लिहायच्या, आईचं लिहायच्या, आणि पेन खाली ठेवायच्या. तेजसचं नाव त्यांच्या हातून कधी उतरलंच नाही.

त्यांची पहिली चिठ्ठी मेसच्या कागदाच्या पाठीवर होती. एका बाजूला 'सोमवार, मटकीची उसळ, मंगळवार, फ्लॉवर बटाटा' आणि दुसऱ्या बाजूला :

'फादर, जो स्वतःच्या हाताने गेला त्याला देव घरात घेतो का? एकदा मिस्सात सांगा. मी दर रविवारी येते.'

त्या शेवटून दुसऱ्या रांगेत, माझ्याजवळच बसायच्या. फादर प्रवचनाला उभे राहिले की डोक्यावरचा पदर कानामागे सारायच्या, एक शब्दही सुटू नये म्हणून. फादर वेळेवर येण्याबद्दल बोलले. मिस्सात मोबाईल बंद ठेवण्याबद्दल बोलले. पार्किंगमध्ये गाड्या सरळ लावण्याबद्दल तर दोनदा बोलले. सरुबाई ऐकत राहिल्या. दर रविवारी प्रवचन संपलं की पदर पुन्हा पुढे यायचा.

सप्टेंबरात ज्ञानदेवांनी दोन्ही पेट्या घमेल्यात ओतल्या. सरुबाई त्या दिवशी हात जोडून तिथेच उभ्या होत्या. जळतायत त्या नोव्हेनाच्या चिठ्ठ्या, असं त्यांना वाटलं. त्यांच्या प्रश्नाची राख त्यांच्याच साडीवर उडाली आणि त्यांनी ती हलकेच झटकली. मला तोंड असतं तर मी त्या दिवशी ओरडले असते.

एकदा फादरांनी विचारलंही होतं. "ज्ञानदेव, माझ्यासाठी काही चिठ्ठ्या आल्या का हो?"

"तुमच्यासाठी? न्हाई फादर," ज्ञानदेव म्हणाले. "सगळ्या आईसाठीच येत्यात."

फादर हसल्यासारखं करून निघून गेले. लोकांना आपल्याकडून काही ऐकायचंच नाही, हे त्यांनी मनाला लावून घेतलं. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. लिहिणारेही मनातच रुसले, कोणी येऊन विचारलं नाही. चर्चमध्ये शांतता फार चांगली मानतात, पण सगळी शांतता चांगली नसते.

दुसऱ्या वर्षी सरुबाईंनी तोच प्रश्न लिहिला, जरा मोठ्या अक्षरात. मागच्या वेळी वाचता आलं नसेल, असं त्यांना वाटलं असावं. तीही चिठ्ठी जळाली. तिसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा जुलैत, त्यांनी मेसच्याच कागदावर पुन्हा तोच प्रश्न लिहून टाकला. चिठ्ठी तिरपी आली आणि माझ्या त्या जुन्या चिरीत जाऊन बसली. मी ती धरून ठेवली. लाकडाला दुसरं काय करता येतं? सप्टेंबरात ज्ञानदेवांनी मला उपडं केलं, झटकलं, पण ती पडली नाही.

सणाच्या नंतरच्या रविवारी द्वारकाबाई, सरुबाईंची मेसमधली सोबतीण, मिस्सा संपल्यावर म्हणाली, "सरू, आजकाल तू कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठत न्हाईस. काय झालंय?"

सरुबाई म्हणाल्या, "काय न्हाई गं. एक गोष्ट इचारली होती. तीन वर्सं झाली. उत्तर न्हाई आलं."

"मग?"

"मग काय? न्हाई आलं, ह्येच उत्तर हाय."

द्वारकाबाईला काहीच कळलं नाही. मला कळलं. त्यानंतर सरुबाई तीनच रविवार आल्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मेसमध्येच त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. माती फादर बेनेडिक्टनीच दिली. सरुबाई कष्टाळू होत्या, श्रद्धाळू होत्या, असं बोलले. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण ती बाई आपला मुलगा देवाच्या दाराबाहेर उभा आहे असं समजून गेली.

महिन्याच्या अखेरीस, मृतांच्या दिवसासाठी चर्चची साफसफाई निघाली. फादर माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "ही पेटी काढूनच टाका. कोणाला काही सांगायचं दिसत नाही."

ज्ञानदेव मला खिळ्यावरून उतरवत होते, तेव्हा मी जमिनीवर आपटले. चीर फाकली आणि चिठ्ठी बाहेर आली. ज्ञानदेवांनी ती न उघडता खिशात घातली.

"काय आहे ते?" फादरांनी विचारलं.

"मागणं असंल कुणाचं. जाळतो नंतर."

"या पेटीतलं? अहो, ही पेटी माझी होती. वर लिहिलंय काय ते वाचलं नाही का?"

"पाटी लोकांसाठी असती फादर. मी कशाला वाचू?"

"तीन वर्षांत यातून काहीच आलं नाही का?"

"येत हुतं की. भरभरून." ज्ञानदेवांनी माझ्यावरच्या कागदाकडे पाहिलं. "मी... दर वर्साला... दोन्ही..."

त्यांनी खिशातली चिठ्ठी काढून फादरांच्या हातात दिली. फादर खुर्चीवर बसले. रागावतील असं वाटलं होतं, पण ते एवढंच म्हणाले, "मी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. आणि लोकांनाही विचारायला हवं होतं." मग त्यांनी चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचली. वाचून मांडीवर पालथी ठेवली. कागदाची मागची बाजू वर आली. ज्ञानदेवांनी आयुष्यात पहिल्यांदा पेटीतला कागद वाचला. सोमवार, मटकीची उसळ.

चर्चमध्ये येणाऱ्यांपैकी मेसचा असा कागद दोघींकडेच असायचा. त्यातली एक, द्वारकाबाई, रोज भेटायची. आणि तिची मुलं धडधाकट होती.

ज्ञानदेवांनी डोळे पुसत मला उचलून इथे आणून ठेवलं.

त्या रविवारी फादरांनी ते प्रवचन दिलं. मी या खोलीतून ऐकलं. ते म्हणाले, "माणूस कोणत्या अंधारात शेवटचं पाऊल टाकतो ते आपल्याला माहीत नसतं, देवाला असतं. पूर्वी आपल्याला भीती घातली गेली. पण आपली ख्रिस्तसभा आज अशा माणसासाठीही प्रार्थना करते, त्याला माती देते, त्याच्यासाठी आशा धरते. देवाच्या दयेचं दार आपण लावून घ्यायचं नाही. ज्यांनी हा प्रश्न विचारला त्यांना मी उशिरा उत्तर देतोय. मला क्षमा करा." प्रवचन पाऊण तास चाललं. नंतर तात्याराव दाराबाहेर कोणालातरी म्हणाले, "घड्याळ घरी विसरलो आज." ते कधी काही विसरत नाहीत.

दोन नोव्हेंबरला नावांची वही वेदीवर नेण्याआधी ज्ञानदेव ती घेऊन या खोलीत आले. माझ्यावर वही ठेवली आणि वाकून, एकेक अक्षर जोडत, एक ओळ लिहिली. त्यांना लिहिण्याची सवय नव्हती. बराच वेळ लागला.

मला आता कोणी टांगणार नाही, आणि मी ते मागतही नाही. एकच विनवणी आहे. ज्यांच्या हाती किल्ली आहे त्यांनी उघडून वाचावं. आणि ज्यांच्या मनात प्रश्न आहे त्यांनी चिठ्ठी टाकून वाट बघत बसू नये, जाऊन दार वाजवावं. माझ्यासारख्या लाकडावर एवढा भरवसा ठेवू नये.

संध्याकाळच्या मिस्सात फादर नावं वाचत गेले. पानामागून पान. मग त्यांनी वाचलं, "सरुबाई ओहोळ." जरासे थांबले. अक्षर लागत नसावं. "तेजस ओहोळ."

तेजसचं नाव चर्चमध्ये वाचलं गेलं. मी ऐकलं, ज्ञानदेवांनी ऐकलं. ऐकायला ती हवी होती.