चौकट पुन्हा फेकावी

चौकट वेड्या बाभळीत अडकली. नियाजने काठीने ती सोडवली, सवयीने पुन्हा फेकली, तर ती शेजारच्या बाभळीवर जाऊन बसली.

"कितव्यांदा?" सुनीती मॅडमनी विचारलं. कचेरीत नव्याने आलेल्या या बाई फाइल वाचण्याऐवजी स्वतः माळावर आल्या होत्या. साहेबलोकांना असली खोड सहसा नसते.

"नवव्यांदा."

"आणि गेल्या वर्षी किती वेळा अडकली?"

"ते लिहायचं नसतं मॅडम. नियमच आहे, झुडपात अडकली तर धरायची नाही, पुन्हा फेकायची."

हडपसरच्या पलीकडच्या या माळावर नियाज सत्तावीस वर्षं दर दसऱ्यानंतर येत होता. मीटरभराची लोखंडी चौकट पाठमोरं होऊन फेकायची, पडेल तिथलं गवत मोजायचं आणि पुण्यातल्या कचेरीत आकडे द्यायचे. नियम झाला तेव्हा माळावर झुडपं होती दोन. त्याच्या आकड्यात कधी कुणाला चूक सापडली नव्हती, आणि दोन महिन्यांनी निवृत्त होताना तेवढीच त्याची मिळकत होती.

मॅडम दगडावर बसल्या. "म्हणजे नियाजभाई, आपल्या कागदावर इथे एकही झाड नाही. पाऊस लांबतो, पडतो तो धो धो, पाणी खोल मुरतं. थंडी उरली नाही, हवेत कार्बन वाढलाय. सगळं झाडांच्या पथ्यावर पडलंय. आणि आपण मात्र गवत शोधून शोधून मोजतोय."

नियाजने मान खाली घातली. मॅडमच्या बोलण्याने नाही. समोरून सोजरबाई मेंढरं घेऊन येत होती म्हणून. दरसाल कोकणाकडे जाताना ती या माळावर आठ दिवस थांबायची. गाभण मेंढ्यांना तेवढीच विश्रांती मिळे. चौदा वर्षांपूर्वी तिने अंगठा उठवून अर्ज केला होता, की बाभळी हातभर आहेत तोवर उपटा. कचेरीचं उत्तर नियाजनेच तिला वाचून दाखवलं होतं: नोंदीनुसार गवत कायम आहे.

"सोजरबाई," तो म्हणाला, "त्या नोंदी माझ्या होत्या."

"ठावं हाय की. तुमीच तर मोजत व्हता."

"मी बाभळी सोडून मोजत होतो. नियम तसा होता."

सोजरबाईने एका मेंढीच्या लोकरीत रुतलेला काटा उपटून टाकला. "मंग कागदावरच सोडू का मेंढरं? तितं बक्कळ गवत हाय." मग मॅडमकडे वळून तिने विचारलं, "आता खरं लिवलं तर तोडतील का ह्या?"

"रोपं असती तर उपटता आली असती, आजी. आता मुळं फार खोल गेलीत, तोडली तरी पुन्हा फुटतील."

नियाजला रडू येईलसं वाटलं. खोटं एकदाही लिहिलं नव्हतं, तरी तिचा माळ त्यानेच घालवला होता. त्याने तक्ता मांडीवर घेतला आणि लिहिलं: दहापैकी नऊ वेळा वेडी बाभूळ. त्याखाली, कुणी न सांगता, आणखी एक ओळ लिहिली: मागील पंधरा वर्षांच्या नोंदी विश्वसनीय नाहीत. आणि सही केली.

माळावर मुक्काम करण्यात अर्थ नव्हता. सोजरबाईने कळप रस्त्याकडे वळवला. हमरस्त्यावर गाड्यांची रीघ होती आणि मेंढ्या कडेला एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. नियाज पुढे झाला, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पसरले.

ब्रेक करकरले, हॉर्न वाजू लागले. गाभण मेंढ्या जडपणे, सावकाश निघाल्या.

"काका, ट्रॅफिकला बदली झाली का?" एका रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढलं.

नियाजने हात खाली घेतले नाहीत. सोजरबाई सर्वांत शेवटी होती. त्याच्या जवळून जाताना ती थांबली नाही, पण डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "येते, भाऊ."

पुढच्या वर्षी ती या वाटेने येणार नव्हती, हे दोघांनाही कळलं होतं.