मशीन आहे, जरा सांभाळून

"मशीन आहे, जरा सांभाळून," खुर्चीत बसलेला माणूस हळूच म्हणाला आणि त्याने बोटाने आधी डावा कान दाखवला, मग उजवा.

घराबाहेर हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदा बोलत होता. कानांवरचे केस शाबूत राहावेत म्हणून बिचाऱ्याने सकाळपासून धीर गोळा केला होता. पण न्हावी ऐकेल तर शपथ! मेव्हण्याने बांधलेल्या घराचा जिना कसा चुकला, हे तो मागच्या बाकावरच्या गिऱ्हाइकाला रंगवून सांगत होता. त्या गडबडीत त्याच्या डोक्यात दोनच गोष्टी शिरल्या: मशीन आणि कान.

"मशीन ना? मारतो की! बसा निवांत."

हे काही त्या माणसाला ऐकू आलं नाही. तोवर त्याने दोन्ही कानांची ऐकायची मशीनं काढून खिशात टाकली होती आणि चष्माही उतरवला होता. न्हाव्याचे ओठ हलले, तशी याने समजुतीने मान हलवली. झालं! बहिऱ्याचं आणि बडबड्याचं एकमत झालं.

कानाशी गार पातं थरथरलं तेव्हा तो दचकला. "अहो, अहो!" करत हात वर नेईपर्यंत डाव्या कानावरचे केस मांडीवर पडले होते. एक बाजू गेल्यावर दुसरी राखून काय लोणचं घालायचंय? मशीन उजवीकडेही फिरलं. मग त्याने चष्मा लावून आरशात पाहिलं. दोन्ही कान उघडेबोडके बाहेर आले होते. त्याने ते दोन्ही हातांनी झाकून धरले.

माणसाने केसांपायी एवढं भ्यायचं म्हणजे काय, असं कुणालाही वाटेल. पण याचं कामच ऐकण्याचं होतं. एकतीस वर्षं तो लांब दांड्याची हातोडी घेऊन आगगाडीच्या चाकाचाकावर ठोका मारत आला होता. धड चाक टण्ण वाजतं. तडा गेलेलं ठप्प बोलतं. तो हा फरक असा अचूक पकडायचा, की सगळे त्याला कानसेन म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. सव्वा वर्षापूर्वी मात्र ते टण्ण विरायला लागलं. लांबच्या एका डॉक्टरकडून त्याने गुपचूप मशीनं आणली, आणि ठोका पुन्हा लख्ख ऐकू येऊ लागला. पण नियम म्हणजे नियम. कानाला मशीन लागलं, की हातोडी खाली ठेवायची आणि गोदामात जाऊन बसायचं. निवृत्तीला सहा महिने उरले होते. तेवढे निभावले की गंगेत घोडं न्हालं, म्हणून त्याने कानांवर केस वाढवले. ते बायकोच घरी बेताने कातरायची. नेमकं तिचं मनगट मुरगळलं, आणि नेमकं साहेबांनी बजावलं, "उद्या वरचे लोक पाहणीला येतायत. हे जंगल कापूनच या."

घरी जाताना वारा कानांना लागत होता आणि समोरून येणारा प्रत्येक जण आपल्या कानांकडेच बघतोय असं त्याला वाटत होतं.

"अगंबाई! हे काय करून घेतलंत?" त्याने दार लावून खिशातली मशीनं कानांना लावली, तशी बायको म्हणाली.

"मी करून घेतलं? मी त्याला सांगितलं, मशीन आहे. तर त्याने मशीनच फिरवलं!"

तिला हसू फुटलं, पण नवऱ्याचा चेहरा बघून ते तिने गिळलं. "रजा टाका आज."

"पाहणीच्या दिवशी? उलट संशय येईल. थेट कानांच्या तपासणीला पाठवतील."

"मग कानटोपी घाला. सर्दी झाली म्हणा."

"एवढ्या उकाड्यात? डोक्यावर परिणाम झाला म्हणतील."

तिने त्याच्या कानांतल्या मशीनांकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "न लावता जमेल?"

"हाताला कळतं माझ्या. एकतीस वर्षं ठोकतोय." हे म्हणताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

दुपारी तो मशीनं खिशात ठेवून कामावर गेला. गाडी फलाटाला लागली होती, चारला सुटणार होती. "भादरलं की तुम्हाला!" शेडमधला फिटर हसत म्हणाला, ते त्याने ओठांवरून ओळखलं आणि हसून घेतलं. गाडीच्या पलीकडे, रुळांच्या कडेला, साहेब पाहणीच्या दोघांना घेऊन उभे होते. तो तिकडे उतरला आणि पहिला ठोका मारला. हाताला हिसका बसला. आवाज मात्र जाड गोधडीखालून यावा तसा आला. दुसरा ठोकाही तसाच, तिसराही. देवा रे, सगळी चाकं एकसारखीच! त्याच्या पाठीवरून घामाचे ओघळ सुटले. तरी तो मान डोलवत पुढे सरकत राहिला. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

चौथ्या डब्याच्या दुसऱ्या चाकाशी हात थबकला. काहीतरी वेगळं लागलं? की भीतीनेच तसं वाटलं? त्याने परत ठोकलं. कळेना. मागोमाग येणाऱ्या साहेबांनी घड्याळाकडे बोट केलं: चला पुढे. वर खिडकीत एक बाई लोकर विणत बसली होती. तिने सहज खाली पाहिलं, आणि हा आपलं काम करतोय म्हटल्यावर निर्धास्तपणे पुन्हा टाके मोजायला लागली.

त्याची पाचावर धारण बसली. कानांची भीती होतीच, पण ही त्याहून मोठी निघाली. त्याने हातोडी गुडघ्याला टेकवली, खिशातून मशीनं काढली आणि सगळ्यांदेखत एकेक करून कानांना लावली.

ठोका मारला. ठप्प.

शेजारच्या चाकावर मारला. टण्ण.

पुन्हा या चाकावर. ठप्प.

त्याने चाकावर खडूने फुली मारली आणि ओरडला, "डबा काढा! उतरवा माणसं!"

मग एकच धावपळ झाली. फिटरने बॅटरी लावून आतल्या अंगाला बोटभर तडा शोधला. ती बाई लोकरीचा गुंडा छातीशी धरून उतरली आणि गाडीला उशीर केला म्हणून कुणाला तरी बोल लावत निघून गेली. पाहणीचे दोघे कौतुक करायला पुढे आले आणि त्याचे कान बघून थांबले.

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"सव्वा वर्ष झालं."

"सव्वा वर्ष!" साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मग ते म्हणाले, "आज चाक पकडलंत, म्हणून हे प्रकरण पुढे नेत नाही. उद्यापासून गोदामात या." आणि त्यांनी हात पुढे केला. त्याने हातोडीचा दांडा बाहीला पुसला आणि हातोडी त्यांच्या हातात दिली.

संध्याकाळी शेडमध्ये सगळे चहाला बसले होते. तो आत आला तशा गप्पा थांबल्या. कुणीतरी सरकून त्याला जागा दिली. फिटर किटली घेऊन आला, त्याच्या कानाशी वाकला आणि तोंड वासून एकेक शब्द सुटा करत ओरडला, "चहा! घेणार! का?"

कानातल्या मशीनची शिट्टी वाजली. "घेतो," तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. "हळू बोल रे. ऐकू येतं मला."

फिटरने मोठ्या मायेने मान डोलावली आणि आणखी जोरात ओरडला, "साखर! किती?"

सगळी शेड त्याच्याकडे बघत होती. त्याने बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि एक बोट वर केलं.